बीडाचा जोड

पंप पडला त्या सकाळी ती चुलीपुढे बसून रॉड भाजत होती.

त्या घरात हे काही नवीन नव्हतं. इतर बायकांच्या चुलीवरून स्वयंपाक उतरला की चूल विझायची. हिच्या चुलीवर मात्र मग पत्र्याचा लांबट डबा चढायचा आणि त्यात वेल्डिंगचे रॉड शेजारी शेजारी निजलेले असायचे. गेट-खिडक्यांना लागणारे साधे रॉड कसेही पडले तरी चालतात. पण ट्रॉलीचा हूक, नांगराचा दांडा अशा जोराच्या कामाचे रॉड हवेतली ओल पितात. ओला रॉड लावला की जोड वरून गुळगुळीत दिसतो आणि आत बारीक भोकं राहतात. ओढ बसली की तिथंच तुटतो. म्हणून ते भाजून कोरडे करायचे. लग्न करून आली तेव्हापासून हे काम तिच्याकडे होतं. ती डब्यातले दोन रॉड फडक्यानं उचलायची, कानाशी एकमेकांवर वाजवायची आणि सांगायची, "झाले" किंवा "राहू देत अजून." तिचा नवरा, गावचा वेल्डर, तिच्या शब्दावर रॉड उचलायचा. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर तो छत्रीसुद्धा उघडायचा नाही.

पाणीवाला धावतच आला. गावच्या टाकीत पाणी चढवणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला पाणीवालाच म्हणत. दारातच तो उकिडवा बसला.

"वहिनी, दादा कुठंयत?"

"आत आहेत. काय झालं?"

"पंप पडला."

"कुठं पडला?"

"खडकावर. साखळी निसटली. माझ्या हातातून नाही हो, साखळीच निसटली," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले. तळव्यांची सालं निघाली होती.

नदी आटत आटत पार तळाच्या खडकाला जाऊन लागली होती. पंपाची नळी पाण्याला पुरेना, तेव्हा चार माणसांनी पंपच उचलून खालच्या खडकावर न्यायचं ठरवलं. गाव वर, उतारावर. फळबागा गावाच्याही वर. नदीचं पाणी वर चढवणारं ते एकच यंत्र होतं, आणि आता ते खडकावर आडवं पडलं होतं.

वेल्डर बाहेर आला. बायकोच्या खांद्याला बोट लावून तो तिच्यामागून नदीवर उतरला. लोकांना वाटलं, पाठ दुखते म्हणून आधार घेतलाय.

पंपाचं अंग गोगलगाईच्या शंखासारखं असतं, वळसा घालत मोठं होत जाणारं. हे अंग बीडाचं होतं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. गावातल्या बऱ्याच माणसांपेक्षा ते वयानं मोठं होतं आणि त्याच्यावर गंजाची जाड साल चढली होती. तोंडाच्या कडेपासून एक भेग पोटाकडे निघाली होती आणि गंजात शिरून दिसेनाशी झाली होती.

"शहरातल्या वर्कशॉपात फोन लावला," पाणीवाला म्हणाला. "ते म्हणाले, बीड आम्ही घेत नाही. भंगारात घाला. करणारी कंपनी कधीच बंद पडली. नवीन पंप मागवला तर त्याचं तोंड वेगळं, बैठक वेगळी. यायला उन्हाळा सरेल."

"तोवर बागा?"

"उभ्या राहतील की. सरपण म्हणून."

वेल्डर खाली वाकला, भेगेवरून अंगठा फिरवत गेला आणि गंजापाशी थांबला. मग पंपाच्या अंगावर बोटाच्या गाठीनं टकटक केलं. जिथं बीड धड होतं तिथं आवाज घुमला. जिथं फुटलं होतं तिथं फुटक्या मडक्यासारखा आला.

"आणा घरी," तो म्हणाला.

जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ती का बघत होती ते वेल्डरच्या बायकोला पुरतं ठाऊक होतं. थोड्याच दिवसांपूर्वी शाळेचं गेट बिजागरीतून निखळून पडलं होतं. कुणाला लागलं नाही. पण शाळेच्या शिपायानं ते गेट हातगाडीवर टाकून भर चौकातून त्यांच्या दुकानापुढे आणलं आणि सगळ्यांदेखत बोट ठेवून दाखवलं होतं, "हा जोड. आणि हे तुमचं वेल्डिंग, त्याच्या शेजारी. शेजारधर्म पाळलात होय, दादा?" तेव्हापासून कामं शहराकडे जायला लागली होती. समोरून कुणी काही बोलत नव्हतं. फक्त गाडीवर आडवं बांधलेलं लोखंड घेऊन दुकानावरून जाताना माणसं मान वळवत होती.

लोकांना वाटत होतं, वेल्डरचा हात गेला. हात नव्हता गेला. डोळे गेले होते. जन्मभर ठिणगीकडे बघून डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मधोमध भाजलं होतं. कडेकडेचं त्याला दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. डॉक्टर म्हणाला होता, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. हे बायकोला माहीत होतं, आणि तिनं ते पोटात ठेवलं होतं.

घरी आल्यावर तिनं आधी दार लोटलं.

"अहो, हो कशाला म्हणालात?"

"मग काय नाही म्हणू?"

"करणार कोण?"

तो वळला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तू."

तिला वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा करताना त्याच्या मिशा आधी हलायच्या, आणि आता हलल्या नव्हत्या.

"मी? मला ठिणगीकडे बघूसुद्धा दिलं नाहीत कधी. डोळे फिरव, डोळे फिरव, हेच ऐकत आले."

"म्हणून तुझे शाबूत आहेत."

"आणि फुटलं अजून, तर?"

"तर फुटलेलंच फुटेल. रॉड कोरडा की ओला हे तू कानानं सांगतेस ना? मी जोड कानानं सांगतो. रॉड ओढून ओढून कान तयार झालाय माझा. हात तुझा, कान माझा. बघू काय होतंय."

ती पंपाजवळ जाऊन बसली. भेग कुठं संपते ते गंजाखाली कळत नव्हतं. छिन्नीनं ठोकून गंज काढावा तर बीड अजून तडकायचं. शेवट सापडल्याशिवाय जोड सुरू करता येत नाही. भेग पुढे पळत राहते.

"भावजींना बोलवू का?" तिनं विचारलं.

वेल्डरचा धाकटा भाऊ शहरात मुलामा चढवण्याचं काम करायचा. नळ, बिजागऱ्या, गाड्यांचे भाग यांच्यावरचा गंज न ठोकता, पाण्यात वीज सोडून उतरवायचा आणि ते चकचकीत करून द्यायचा. दोघे एकाच दुकानात वाढले होते. पण धाकट्याचा हात वेल्डिंगचा होल्डर धरला की थरथरायचा, आणि थोरला सगळ्यांपुढे म्हणाला होता, "जा, भांड्यांना पावडर लावत बस." धाकटा गेला, तो गेलाच. येणं-जाणं मयतीपुरतं राहिलं होतं.

"येईल तो?" वेल्डरनं विचारलं.

"तुम्ही बोलावलं म्हणून नाही येणार. मी जाते."

धाकट्याचं दुकान एका बोळाच्या टोकाला होतं. दारातूनच आंबट वाफ नाकात शिरली. आत मोठमोठे हौद, एकात हिरवंगार पाणी, आणि त्यात तारांना टांगलेले नळ. धाकटा रबरी हातमोजे घालून उभा होता. वहिनीला बघून तो गडबडला. बसायला द्यायला खुर्ची शोधू लागला, तर तिच्यावर बादली.

"दादा बरा आहे ना?"

"बरे आहेत. तुमच्यावाचून एक काम अडलंय आमचं."

ती सांगत होती आणि तो एक मळका नळ हौदात बुडवत ऐकत होता, पण तिचं लक्ष हौदाकडे जात होतं. हिरव्या पाण्यात दोन्ही कडांना राखाडी धातूचे जाड पत्रे टांगलेले होते, काठ कुरतडल्यासारखे.

"हे उंदरांनी खाल्लेत का काय?"

धाकटा हसला. "वीज खाते ते. निकेल आहे. पत्रा पाण्यात विरघळतो आणि तिकडे नळावर जाऊन बसतो. बघा."

त्यानं तार वर उचलली. मघाशी तिच्या देखत बुडवलेला नळ मळकट पिवळा होता. आता त्याच्यावर फिकट, मऊ उजेड आला होता. थेंब गळत होते आणि थेंबांच्या आत नळ चमकत होता. कुणी घासलं नव्हतं, कुणी फासलं नव्हतं. पाणी तर ढवळलंही नव्हतं. एका काठाचं लोखंडासारखं कठीण काहीतरी पाण्यातून चालत, न दिसता, दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसलं होतं. ती बघतच राहिली.

"वहिनी?"

"भावजी, ह्याला पावडर म्हणतात होय हे?"

धाकट्यानं नळ परत बुडवला. हातमोजे काढले. "चला," तो म्हणाला. "पण मी दादासाठी नाही येत. पंपासाठी येतो."

"पंपासाठीच या."

तो आला, तेव्हा थोरला ओट्यावर बसला होता. धाकटा समोर उभा राहिला. थोरल्यानं मान किंचित वळवली आणि त्याच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला, "आलास?" धाकटा एक पाऊल डावीकडे सरकला. थोरल्याची नजर अजून पलीकडे गेली. धाकट्यानं वहिनीकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली.

मनात काय काय बोलायचं ठरवून आला होता कुणास ठाऊक. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "पिंप आहे का मोठं? प्लॅस्टिकचं?"

पिंपात पाणी भरलं. त्यात धुण्याचा सोडा कालवला. पंपाचं अंग साखळीनं मध्ये टांगलं आणि त्याच्याभोवती जुन्या लोखंडी पाट्या टांगल्या, अंगाला कुठंही लागणार नाहीत अशा.

"स्टीलच्या ताटल्या आहेत की घरात, त्या लावू का?" तिनं विचारलं.

"नको नको. त्यांनी पाणी विषारी होतं. साधं लोखंडच."

बॅटरी चार्ज करायचं यंत्र त्यानं ओट्यावर ठेवलं. तारा जोडल्या, मग काढून पुन्हा बघितल्या, मग तिसऱ्यांदा वाकून बघितल्या.

"एवढं काय बघतोस?" थोरला म्हणाला.

"उलटी जोडली तर पाट्या राहतील आणि पंप विरघळेल."

थोरला जरा मागे सरकला.

बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग पंपाच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसायला लागले. एक सुटला, दोन सुटले, आणि हळूहळू सगळं अंग पांढऱ्या बारीक फेसानं भरून गेलं, जसं काही ते मेलेलं लोखंड श्वास घेत होतं. पाणीवाला बघायला आला होता. त्यानं विडी काढली, तशी धाकट्यानं ती त्याच्या ओठांतून उपटली. "हा वायू पेटतो. पंपासकट वर जाशील."

पिंप आपलं काम करत होतं आणि इकडे दुकानाच्या शेडमध्ये तिचं काम सुरू झालं.

नवऱ्याचं चामडी जाकीट तिला गुडघ्यापर्यंत आलं. डोक्याला फडकं गुंडाळून तिनं मुखवटा घातला आणि जग काळं झालं. काळ्या काचेतून दुपारचं ऊनसुद्धा दिसेना.

"पट्टीवर रॉड घास. काडेपेटीची काडी ओढतात तसा."

तिनं घासला. रॉड चिकटला. उपटला, पुन्हा चिकटला. दिवसभर चिकटतच राहिला. मनगट भरून आलं. गळपट्टीच्या फटीतून ठिणगी आत गेली आणि मानेखाली भाजलं. तिनं चुन्याचं पाणी लावलं आणि पुन्हा बसली. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकत होती, काही बोलत होती. मुखवट्याच्या आत फक्त आपलाच श्वास ऐकू येत होता, हे एक बरं होतं.

मग कधीतरी रॉड चिकटला नाही.

काळोखात एक उजेड उघडला. आधी तिला नुसता ठिपका दिसला. मग डोळा स्थिरावला आणि ठिपक्याच्या आत दिसायला लागलं. लोखंडाचं पाणी झालं होतं. नखाएवढं तळं, नारिंगी, काठाशी गडद. ते थरथरत होतं, वाऱ्यानं हलावं तसं, आणि त्याच्या पृष्ठावरून मळी तरंगत मागे जात होती. रॉडचं टोक थेंब थेंब होऊन त्यात पडत होतं. तिनं हात पुढे सरकवला तसं तळं पुढे सरकलं, आणि त्याच्यामागे, जिथं ते मघाशी होतं तिथं, कडक चकाकता रस्ता तयार झाला. तिचा हात थांबला. तळं भरत गेलं, मग पट्टीला भोक पडून खाली गळून गेलं.

तिनं मुखवटा वर केला. डोळ्यांत पाणी होतं.

"भाजलं का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. बाहीनं डोळे पुसले.

"भोक पडलं. आवाज ऐकला मी. हात थांबला आणि रॉड पट्टीपासून लांब गेला, म्हणून पोकळ वाजायला लागलं. तेलात काहीतरी तळल्यासारखा आवाज राहिला पाहिजे. एकसारखा. चल, पुन्हा."

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी पिंपातलं काळं पाणी ढवळून बघायचं, कुरतडलेल्या पाट्या बदलायच्या, मग शेडमध्ये बसायचं. धाकटा रॉड हातात देत होता, जे काम जन्मभर तिचं होतं. रात्री तिला हात वर उचलता येत नसे, आणि डोळे मिटले की ते तळं पुन्हा थरथरायला लागे.

मग धाकट्यानं पंप वर काढला आणि ताठ ब्रशनं घासला. गंज ओल्या मातीसारखा गळून पडला. खाली बीड निघालं, काळंभोर, स्वच्छ, आणि त्यावर ओतणाऱ्यानं साच्यात घातलेला एक आकडा, जो गावात कुणी कधी पाहिला नव्हता. भेग आता उघडी पडली. पोटाच्या वळणावर जाऊन ती केसाएवढी बारीक होऊन संपत होती. वेल्डरनं तिच्या टोकापाशी बारीक भोक पाडायला लावलं, म्हणजे ती पुढे पळणार नाही. भेगेवरून ग्राइंडर फिरवून चर केला. मग त्यानं कपाटातून एक सीलबंद डबा काढून धाकट्याच्या हातात दिला.

"निकेलचे आहेत. बीडाला साधा रॉड लावला की जोड काचेसारखा कडक होतो, आणि तडकतो. हा मऊ राहतो. बीडाला असंच कुणीतरी समजूतदार लागतं."

धाकट्यानं एक रॉड उचलून बघितला. "म्हणजे माझंच निकेल."

"तुझंच," थोरला म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "तुझ्याकडे ते पाण्यातून जातं, माझ्याकडे आगीतून. एवढाच फरक. पावडर नाही ती."

धाकट्यानं डबा खाली ठेवला आणि उगीचच ग्राइंडरची वायर सरळ करत बसला.

जोडायच्या दिवशी अर्धा गाव शेडपुढे जमला. टाकीचा तळ दिसायला लागला होता. ती जाकीट घालून पुढे आली तेव्हा कुजबुज झाली. पाणीवाला पुढे झाला.

"हे काय, दादा? वहिनी करणार? अहो, गावाचा पंप आहे हा. हात तुमचा पाहिजे."

वेल्डर उठला. लोकांकडे तोंड केलं, पण नजर सगळ्यांच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला गेली.

"माझे डोळे गेलेत," तो म्हणाला. "शाळेचं गेट मीच बिघडवलं, तेव्हा मला जोड दिसत नव्हता. सांगायला लाज वाटली म्हणून बोललो नाही. आता सांगतोय. पंप माझ्या हातानं गेला तर भंगार होईल. हिच्या हातानं झाला तर होईल. नसेल पटत तर उचला आणि घेऊन जा."

कुणी उचलला नाही. शाळेचा शिपाई मागच्या मागे सरकला.

निखाऱ्यांच्या शेकानं बीड हाताला सोसवेल एवढं गरम केलं होतं. तिनं मुखवटा ओढला. वेल्डर तिच्या पाठीशी, कान खाली करून बसला. दोन पेरांएवढाच जोड टाकायचा. लगेच गोल तोंडाच्या हातोडीनं हलके हलके ठोकायचं, म्हणजे आकसणाऱ्या धातूचा ताण मोकळा होतो. मग थांबायचं. तळहात ठेवता येईपर्यंत थांबायचं. मग भेगेच्या दुसऱ्या टोकाला जायचं.

पहिला जोड बसला. हातोडी, थांबणं. दुसरा. थांबणं. ऊन चढलं. जमलेल्यांना थांबणं जड जायला लागलं.

"एवढं काय थांबायचं? एका दमात ओढा की," कुणीतरी म्हणालं.

"टाकी कोरडी होतेय, वहिनी," पाणीवाला म्हणाला.

पुढच्या वेळी तिनं तळं उघडलं आणि ते इतकं सुरेख चालत होतं की तिला थांबवेना. ती पुढे गेली. अजून पुढे गेली. मागून वेल्डर म्हणाला, "बस." ती अजून एक पेर गेली.

थांबली, आणि त्या शांततेत बारीक आवाज झाला. टिंग.

सगळ्यांनी तो ऐकला. तिनं मुखवटा वर करून बघितलं, तर जोडाच्या कडेनं नवी भेग उमटली होती, केसासारखी.

कुणी काही बोलण्याआधी वेल्डर उभा राहिला. "जा सगळे घरी," तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "पाणी चढलं की टाकीवर कळेल."

माणसं गेली. पाणीवाला तेवढा दाराशी बसून राहिला, तोंड दुसरीकडे करून.

ती हातमोजे काढत होती. "मी नाही करत. फुटलं सगळं."

"सगळं नाही. बोटभर," धाकटा वाकून बघत म्हणाला.

"तुम्ही बस म्हणालात ते ऐकलं होतं मी," ती नवऱ्याला म्हणाली.

"ठाऊक आहे." तो खाली बसला. "तळं चांगलं चालायला लागलं की माणूस वेडा होतो. माझा पहिला बीडाचा पंप मी असाच फोडला, तोही पुरता. तू बोटभरावर सुटलीस. घास तेवढं. पुन्हा टाक."

तिनं घासलं. भेगेच्या टोकाला पुन्हा भोक पाडलं. हातमोजे घातले.

आता कुणी बघत नव्हतं. दोन पेरं. हातोडी. तळहात. दोन पेरं. हातोडी. तळहात. त्या थांबण्यांमध्ये शेडमध्ये एवढी शांतता व्हायची की बीड निवताना करतं ती बारीक कुरकुर ऐकू येत होती. वेल्डर कधी "जवळ" म्हणत होता, कधी "हं." हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं. शेवटी शेवटी तर तो नुसता ऐकत होता, गाणं ऐकणाऱ्यासारखा, डोळे मिटून.

ऊन उतरता उतरता भेग संपली. जोडलेलं अंग त्यांनी चुलीच्या गरम राखेत पुरलं, हळू निवायला. धाकट्यानं त्यावर पोती टाकली, आजारी माणसावर पांघरूण घालावं तशी.

सकाळी राख बाजूला केली. अंग अजून कोमट होतं. वेल्डरनं बसकण मारली आणि जोडावर अंगठा ठेवला. एका टोकापासून सुरुवात केली. ती उभी होती, परीक्षेला बसल्यासारखी.

"इथं घाबरलीस," तो म्हणाला. अंगठा सरकला. "इथं हात आखडला. हे ते पुन्हा केलेलं. इथं…" तो थांबला. पुन्हा मागे जाऊन तेवढ्याच जागेवरून फिरवला. "इथून पुढचं कुणीही केलेलं असतं, तरी मी ते माझंच काम म्हटलं असतं."

धाकट्यानं आतल्या बाजूनं जोडावर खडूची पूड फासली आणि बाहेरून रॉकेल लावलं. रॉकेल केसाएवढ्या भेगेतूनही पाझरतं आणि खडूवर डाग पडतो. तिघं आणि पाणीवाला त्या पांढऱ्या पट्ट्याभोवती वाकून बसले. पाणीवाल्यानं तोंडावर हात धरला होता, जणू श्वासानंही डाग पडेल. बराच वेळ गेला. खडू पांढराच राहिला.

"दादा, रॉकेल खरंच लावलंय ना?" पाणीवाल्यानं विचारलं, आणि सगळ्यांना एकदम हसू फुटलं.

पंप नदीवर नेला तेव्हा या खेपेला साखळी दुहेरी होती. बसवला, नट आवळले. पाणीवाल्यानं बटणावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. गावात कुणी तिच्याकडे असं परवानगी मागितल्यासारखं कधी बघितलं नव्हतं. तिनं मान हलवली.

मोटर घुमली. पंप आधी कोरडा खडखडला, मग त्याचा आवाज जड झाला. तिनं तळहात जोडावर ठेवला. आत पाणी शिरलं तसं बीड थंड व्हायला लागलं, हाताखाली थरथरायला लागलं, आणि तो थरथराट वाढत वाढत एकसारखा झाला. जोड कोरडा होता. तिनं हात काढला नाही. नदीचं सगळं ओझं त्या दोन पेरांच्या तुकड्यातुकड्यांवरून वर चाललं होतं.

बऱ्याच वेळानं वरून, टाकीकडून, माणसांचा गलका ऐकू आला. पाणीवाला तिथंच खडकावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. धाकटा त्याच्या पाठीवर थापटत राहिला.

वेल्डर आणि ती उतार चढायला लागले. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता, आता लपवाछपवी न करता. शेजारून पाईप वर चालला होता, आणि त्यातून पाणी चढण्याचा आवाज येत होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते तळं. जन्मभर रोज बघत होतात तुम्ही. आणि घरी येऊन एकदाही बोलला नाहीत."

तो चालता चालता थांबला.

"काय बोलणार? वेल्डर लोखंड जोडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आत असं काही असतं हे कसं सांगायचं, ते मला कधी सुचलंच नाही." मग तो म्हणाला, "शेवटी शेवटी सगळ्यात जास्त त्याच्यावाचूनच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. माणसांचे चेहरे दिसेनात, त्यापेक्षाही."

तिनं त्याचा हात खांद्यावर नीट ठेवून घेतला आणि पुन्हा चालायला लागली, हळूहळू, त्याच्या पावलानं.

"निकेलचं वेगळं असतं," ती म्हणाली. "लोखंडाएवढं पातळ नाही. जरा जाड, आळसटलेलं. काठाला नारिंगी, आणि मधे… मधे पांढरं नाही म्हणता येणार. पहाटे आकाश असतं ना, अजून सूर्य नाही, पण सगळं कळतंय, तसं. आणि हात पुढे नेला की ते लगेच येत नाही. आधी जरा विचार करतं."

"हो," तो म्हणाला. "करतं. विचार करतं."

"मग येतं."

"सांग," तो म्हणाला. "अजून सांग."